जुना डिझेल पिकअप सुरू होत नसेल, तर दोष कसा शोधावा?

टोमॅटो, पालेभाज्या, फुले यांसारखा नाशवंत माल काढणीनंतर वेळेत बाजारात पोहोचला नाही, तर भाव आणि प्रत दोन्ही घसरतात. त्यामुळे माल भरल्यानंतर गाडी सुरू न होणे हे थेट पिकाचे नुकसान असते. अशा वेळी घाईने सुटे भाग बदलण्याऐवजी क्रमाने तपासणी केल्यास बहुतेक दोष शेतावरच ओळखता येतात.

मूळ तत्त्व

पेट्रोल इंजिनात स्पार्क प्लगच्या ठिणगीने इंधन पेटते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते; दाबामुळे तापलेल्या हवेत डिझेल फवारले जाऊन ते पेटते. म्हणून डिझेल पिकअपमध्ये तीनच प्रश्न विचारावेत. इंजिन पुरेशा वेगाने फिरते का? डिझेल पोहोचते का? थंडीत पुरेशी उष्णता मिळते का?

तपासणीपूर्वी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक लावावा.

१) सेल्फ फिरत नसल्यास

हेडलाइट लावून चावी फिरवावी आणि निरीक्षण करावे.

- लाइट एकदम मंद होऊन ‘टक् टक्’ आवाज येतो : बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल सैल, गंजलेले आहेत.
- लाइट प्रखर राहतो, काहीच आवाज येत नाही : चावीचा स्विच, फ्यूज, रिले किंवा वायर यांत दोष असू शकतो. शेडमध्ये उभ्या गाडीच्या वायरी उंदीर कुरतडतात, तेही पाहावे.
- लाइट प्रखर राहतो, एकदाच मोठा ‘टक्’ आवाज येतो : सेल्फचा सोलेनॉईड किंवा सेल्फ मोटर तपासावी.

गाडी काही तास उभी असताना मल्टिमीटरने बॅटरी मोजावी. सुमारे १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण चार्ज, १२.२ च्या आसपास म्हणजे निम्मी. सेल्फ मारताना व्होल्टेज ९.६ च्या खाली जात असेल, तर बॅटरी कमजोर आहे. इंजिन सुरू असताना साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळावेत. कमी मिळाल्यास बॅटरी बदलण्याआधी अल्टरनेटर आणि त्याचा पट्टा पाहावा.

बॅटरी चांगली असेल, तर सोलेनॉईडच्या बारीक वायरवर टेस्ट लॅम्प धरून दुसऱ्या व्यक्तीला चावी फिरवायला सांगावे. दिवा लागला तर दोष सेल्फमध्ये. लागला नाही तर चावी, रिले, फ्यूज या बाजूला.

इंजिन आणि चेसिसमधील अर्थिंगची पट्टी विसरू नये. ती गंजली, तर नवी बॅटरीही सेल्फ जोमाने फिरवू शकत नाही.

२) सेल्फ फिरतो, पण इंजिन पकडत नसल्यास

सायलेन्सरचा धूर पाहावा.

*धूर अजिबात नाही :* डिझेल पोहोचत नाही. टाकीतील डिझेल पाहावे. चावी ‘ऑन’ केल्यावर पंपावरील स्टॉप सोलेनॉईडचा हलका ‘टक्’ आवाज यावा. येत नसल्यास त्याची वायर आणि फ्यूज तपासावा. त्यानंतर फिल्टरमधील पाणी काढावे. लाइनने हवा घेतली असल्यास फिल्टरचा हवा काढण्याचा स्क्रू सैल करून हातपंप मारावा. बुडबुडे थांबून सलग डिझेल आले, की स्क्रू घट्ट करावा.

*पांढरा धूर येतो :* डिझेल पोहोचते, पण पेटत नाही. हिवाळ्यात सकाळीच त्रास होत असेल, तर हीटर प्लग आणि त्याचा रिले तपासावा. दिवसाही हाच त्रास असेल, तर कॉम्प्रेशन किंवा पंपाच्या टायमिंगची तपासणी मेकॅनिककडून करावी.

रात्रभर उभी राहिल्यावरच गाडी त्रास देत असेल आणि आधी हातपंप मारल्याने लगेच सुरू होत असेल, तर दोष हीटरचा नसून डिझेलच्या नळीतून हवा शिरण्याचा आहे. जुन्या रबरी नळ्या आणि क्लिप बदलाव्यात.

हे टाळावे

- सेल्फ सलग १० सेकंदांपेक्षा जास्त मारू नये. दोन प्रयत्नांत किमान अर्धा मिनिट थांबावे.
- फ्यूजऐवजी तार लावू नये. वायरिंग पेटू शकते.
- हीटर प्लग असलेल्या इंजिनात एअर फिल्टरजवळ पेट्रोलचा बोळा धरू नये किंवा स्टार्टिंग स्प्रे मारू नये. भडका उडतो, इंजिन फुटू शकते.
- कॉमन रेल इंजिनाचे नोजल पाइप सैल करू नयेत; त्यातील अतिउच्च दाबाचे डिझेल त्वचेत घुसते.
- बॅटरी पूर्ण उतरली असल्यास धक्का मारण्यात दमू नये. स्टॉप सोलेनॉईडला वीज मिळाली नाही, तर पंप डिझेल सोडत नाही.

नियोजन

काढणीच्या आदल्या संध्याकाळी, माल भरण्यापूर्वी गाडी एकदा सुरू करून पाहावी. टर्मिनल कोमट पाणी आणि खाण्याच्या सोड्याने स्वच्छ करून त्यावर पेट्रोलियम जेली लावावी. काढताना आधी निगेटिव्ह वायर सोडवावी. शेतकरी गटाच्या गाडीसाठी बॅटरी, फिल्टर व नळ्या बदलल्याच्या तारखांची नोंदवही ठेवावी.

भरलेली गाडी अर्ध्या तासात सुरू झाली नाही, तर दुसऱ्या वाहनाची सोय करावी. तोपर्यंत ताडपत्री सैल करून मालाला हवा लागू द्यावी आणि गाडीवर सावली राहील असे पाहावे. गाडीची दुरुस्ती दुसऱ्या दिवशी करता येते. कोमेजलेल्या भाजीचा भाव परत मिळत नाही.