बॅक्लोफेन पंपोपचार
स्नायूंच्या तीव्र ताठरतेवरील एक उपचारपद्धती. हीत पोटाच्या त्वचेखाली बसविलेल्या पंपातून बारीक नळीवाटे बॅक्लोफेन हे औषध मेरुरज्जूभोवतीच्या मस्तिष्क-मेरुद्रवात सतत सोडले जाते. मेरुरज्जूची इजा, मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदूची इजा इ. कारणांनी मेंदूचे मेरुरज्जूवरील नियंत्रण दुबळे झाले म्हणजे प्रतिक्षेपी क्रिया अनिर्बंध होतात. स्नायू जितक्या वेगाने ताणावा तितका त्याचा विरोध वाढतो. वेदनायुक्त आचके येऊन बसणे, झोपणे व अंग धुणेही कठीण होते. मात्र दुबळ्या पायांना उभे राहण्यास काही वेळा हीच ताठरता आधार देते. म्हणून ती समूळ घालविण्याऐवजी योग्य मर्यादेत आणणे हा उपचाराचा हेतू असतो. [⟶ तंत्रिका तंत्र].

जुने उपाय मुख्यतः विध्वंसक होते. जर्मन तंत्रिकाविज्ञ ओटफ्रिट फर्स्टर यांनी १९०८ मध्ये मेरुरज्जूची पश्च तंत्रिकामुळे छेदण्याची शस्त्रक्रिया सुचविली. १९५० नंतरच्या दशकात मेरुद्रवात फिनॉल टोचून तंत्रिकामुळे निकामी करण्याची पद्धतही आली. तिच्यामुळे मलमूत्रविसर्जनावरील ताबा जाण्याचा धोका असे व झालेली हानी बहुधा भरून येत नसे.

नवी दिशा औषधिक्रियाविज्ञानातून मिळाली. मेंदूत गॅमा-अमिनोब्युटिरिक अम्ल (गाबा) असल्याचे १९५० मध्ये आढळले. तंत्रिका-कोशिकांची उत्तेजना दडपणारे हे अम्ल रक्तातून मेंदूत सहज शिरत नाही. ही अडचण टाळण्यासाठी बाझेल येथील सिबा कंपनीत हाइन्रिख केबर्ले यांनी १९६२ मध्ये त्याचा एक अनुजात, म्हणजेच बॅक्लोफेन, तयार केला. अपस्मारावर तो निराशाजनक ठरला. ताठरतेवर मात्र उपयुक्त आढळला. त्याची क्रिया ‘गाबा-बी’ या वेगळ्या ग्राहींवर होते, हे नॉर्मन बाउरी व त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९८० च्या सुमाराच्या संशोधनातून स्पष्ट झाले. तोंडाने घेतलेल्या औषधाचा अल्प अंशच मेरुद्रवात पोहोचतो व मात्रा वाढविल्यास गुंगी, अशक्तता आणि संभ्रम उद्‌भवतात. त्यामुळे तीव्र ताठरतेच्या अनेक रुग्णांना गोळ्या अपुऱ्या पडत.

याच सुमारास अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात पेरी ब्लॅकशिअर, हेन्री बुकवाल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी शरीरात बसविण्याजोगा पंप विकसित केला होता (सु. १९७०). त्यातील द्रवरूप पदार्थाची शरीराच्या उष्णतेने वाफ होऊन तिच्या दाबाने औषध बाहेर पडे. सुईने पंप पुन्हा भरताना वाफेचे परत द्रव होई. हा पंप प्रथम रक्त गोठू न देणाऱ्या हेपारिनासाठी वापरला गेला. पुढे विद्युत्‌ घटावर चालणारे व बाहेरून मात्रा बदलता येणारे पंप आले.

शिकागो येथील रिचर्ड पेन व जेफ्री क्रोइन यांनी औषध व पंप यांची सांगड घातली. मेरुद्रवात दिलेल्या बॅक्लोफेनाने ताठरता कमी होते, हे त्यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केले. गोळ्यांना दाद न देणाऱ्या २० रुग्णांवरील त्यांच्या अभ्यासात (१९८९) ताठरतेचा सरासरी गुणांक ४·० वरून १·२ वर, तर आचक्यांचा ३·३ वरून ०·४ वर आला. अमेरिकेत या उपचारास मेरुरज्जुजन्य ताठरतेसाठी १९९२ मध्ये, तर मस्तिष्कजन्य ताठरतेसाठी १९९६ मध्ये मान्यता मिळाली.

रोपणापूर्वी सामान्यतः ५० मायक्रोग्रॅमची चाचणी-मात्रा कमरेतून मेरुद्रवात देऊन काही तास परिणाम पाहतात. तोंडाने दिवसाला ८० मिग्रॅ.पर्यंत औषध लागते, तर पंपाने बहुधा काहीशे मायक्रोग्रॅम पुरतात. दिवसा व रात्री मात्रा निरनिराळी ठेवता येते. उपचार नको असल्यास ती क्रमाने उतरवून पंप काढता येतो. छेदलेल्या तंत्रिकामुळांच्या बाबतीत अशी माघार शक्य नव्हती.

या सोयीबरोबर एक कायमचे अवलंबनही येते. नळी तुटली, घट संपला किंवा पंप वेळेवर भरला नाही, तर औषध एकाएकी थांबून तीव्र ज्वर, भ्रम, ताठरतेचा उद्रेक व स्नायू-ऊतकाचा नाश होऊन मृत्यूही ओढवू शकतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००२ मध्ये याबद्दल ठळक इशारा जोडावयास लावला. उलट, मात्रा अधिक झाल्यास श्वसन मंदावते व बेशुद्धी येते. जंतुसंसर्गाचा धोकाही असतो. पंप ठराविक मुदतीने भरावा लागतो व घट संपत आल्यावर शस्त्रक्रियेने बदलावा लागतो. म्हणून नियमित देखरेखीची खात्री असेल तेथेच हा उपचार सुरू करणे हितावह ठरते.