आकाशीचा पूल आणि माझी मोजदाद

परवा नातवाने संगणकावर जपानमधल्या एका झुलत्या पुलाचे चित्र दाखवले. होन्शू आणि आवाजी या बेटांना जोडणारा आकाशी सामुद्रधुनीवरचा हा रस्त्याचा पूल ५ एप्रिल १९९८ रोजी खुला झाला. लांबी ३,९११ मीटर, मधला गाळा १,९९१ मीटर. २०२२ मध्ये तुर्कस्तानातला पूल होईपर्यंत एवढा मोठा गाळा जगात दुसऱ्या कुठल्याच झुलत्या पुलाला नव्हता.

नातू म्हणाला, "आजोबा, बोटीने जाता येत होतं ना? मग एवढा खर्च कशाला?"

प्रश्न रास्त होता. पण बोटीचाही इतिहास आहे. डिसेंबर १९४५ मध्ये याच सामुद्रधुनीत सेकिरेई मारू ही बोट बुडाली. क्षमतेच्या कितीतरी पट माणसे तिच्यात भरली होती. तीनशेहून अधिक गेली. पुढे ११ मे १९५५ रोजी याच सेतो अंतर्गत समुद्रात, ताकामात्सुजवळ, दाट धुक्यात शिउन मारू आणि दुसऱ्या एका बोटीची टक्कर झाली. मृत १६८. त्यांतली १०० शाळेच्या सहलीला निघालेली मुले होती.

या दुर्घटनांनी पुलांच्या मागणीला जोर आला. कोबेचे महापौर हारागुची चुजिरो यांनी आकाशीच्या पुलाचा ध्यासच घेतला होता. तरी काम सुरू व्हायला १९८८ साल उजाडले. मनोरे उभे राहिले, तारा ओढून झाल्या, आणि १७ जानेवारी १९९५ रोजी कोबेचा भूकंप झाला. जमीन सरकून मधला गाळा जवळजवळ एक मीटरने वाढला. पूल मात्र टिकला. रस्ता अजून टांगायचा होता, तो वाढीव मापाने केला.

वाचकहो, शंभर मुले हा आकडा वाचून मी थांबलो. फार वर्षांपूर्वी एका खाडीवर, दुसऱ्या फेरीचे पैसे वाचावेत म्हणून, मी सगळा वर्ग एकाच होडीत बसवला होता. पलीकडे उतरल्यावर मोजले तर एक मुलगा कमी. दहा मिनिटांनी तो होडीतच, दप्तरांच्या ढिगाआड झोपलेला सापडला. मुले हसली. मीही हसलो. घरी मात्र हे कधी सांगितले नाही.

तेव्हापासून कुठेही चढता-उतरताना मी माणसे मोजतो. नातवाला ही सवय ठाऊक आहे, कारण नव्हते. परवा ते सांगितले. खर्चाचे त्याने पुन्हा विचारले नाही.