डमडमची गोळी आणि आपले शेजारी

सांता क्लारात नेमबाजीचा छंद असलेला एखादा शेजारी किंवा सहकारी तुम्हालाही भेटला असेल. यांतले काही जण काडतुसे घरीच पुन्हा भरतात. वापरलेली पितळी पुंगळी, प्रायमर, दारू आणि पुढे बसवायची गोळी असे त्याचे चार भाग. पिस्तुलासाठी महागडी गोळी कोणती घ्यावी, यावर त्यांचा वाद रंगतो : पूर्ण धातूच्या आवरणाची, की टोकाला पोकळी असलेली?

या वादाचा एक जुना धागा हिंदुस्थानात सापडतो. १८९५ च्या चित्रळ मोहिमेनंतर ब्रिटिश फौजेतून तक्रार आली, की नव्या रायफलची पूर्ण आवरणाची गोळी आरपार जाते, पण चालून येणारा माणूस थांबत नाही. मग कलकत्त्याजवळच्या डमडम कारखान्यात कॅप्टन बर्टी-क्ले यांनी गोळीच्या टोकाचे शिसे उघडे ठेवले. अशी गोळी शरीरात फुलते आणि जखम मोठी करते. १८९७-९८ च्या तिराह मोहिमेत ती पठाणांवर चालली. १८९८ मध्ये वेब्ली रिव्हॉल्व्हरसाठीही पोकळ टोकाची गोळी आली.

१८९९ च्या हेग परिषदेत अशा गोळ्यांवर युद्धापुरती बंदी आली. ब्रिटन आणि अमेरिका विरोधात होते. ब्रिटनचे जनरल आर्डा यांचा युक्तिवाद असा, की सुधारलेला सैनिक जखमी झाला की थांबतो, रानटी माणूस थांबत नाही. हा 'रानटी' म्हणजे त्यांच्या साम्राज्याच्या सरहद्दीवरचा माणूस. ब्रिटनने बंदी मान्य केली ती १९०७ मध्ये.

आज अमेरिकेतले पोलीस फुलणारीच गोळी वापरतात. कारण दिले जाते ते असे, की ती आरपार जाऊन मागच्या निरपराध माणसाला लागण्याचा धोका कमी होतो. गुण तोच, एकदा तो क्रौर्य ठरला, एकदा खबरदारी.

आपल्या पुण्याजवळ खडकीलाही १८६९ पासून दारूगोळा कारखाना आहे. तिथल्या जुन्या काडतुसांच्या बुडावरची 'के एफ' ही अक्षरे इथले संग्राहकही ओळखतात.

मी कन्सल्टिंगवाला, तुलनेचे तक्ते रोज बनवतो. गोळ्यांच्या तक्त्यात वजन, वेग, किंमत असे रकाने असतात. समोर कोण उभा आहे, याचा रकाना नसतो. मुलांनी या छंदाबद्दल विचारले, तर शेजाऱ्याला नावे न ठेवता त्यांना हा इतिहास जरूर सांगा.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार!