बुटक्यांचं मैदान

आमचे आबा उंचीनं बेताचे. गावोगावच्या जत्रेतल्या कुस्त्यांचा विषय निघाला की चिडायचे. "म्होरं फेटेवाले बसल्यात, आमाला काय दिसतंय? हलगी ऐकायची अन् घरला यायचं!" आणि मग गाडी खासबागेवर यायची. "महाराजांनी खासबाग बांधली ती आमच्यासारख्या बुटक्यांसाठी."

इतिहास थोडा निराळा आहे. सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी शाहू महाराज १९०२ साली विलायतेला गेले. त्या प्रवासात त्यांनी रोमचं जुनं कलोसियम पाहिलं, आणि असं मैदान कोल्हापुरात हवं, हे मनात घेऊनच परतले. १९०७ ला काम सुरू झालं, १९१२ ला मैदान उभं राहिलं. मधोमध तांबड्या मातीचा हौदा, भोवतीनं चढत गेलेली बैठक. पंचवीस-तीस हजार माणूस बसावं, आणि पार शेवटच्या गड्यालाही कुणी कुणाचा पट काढला ते दिसावं, अशी रचना. रोम आबांना ठाऊक नव्हतं, त्यांच्या लेखी सगळंच 'लंडन'. पण त्यांचं म्हणणं अगदीच खोटं होतं, असं मला वाटत नाही.

मैदानाची पहिली मोठी कुस्ती आपण वडलांच्या खांद्यावर बसून बघितली, असं ते छातीठोक सांगत. त्यात कधी खुद्द गामा लढायचा, कधी त्याचा भाऊ. लढला होता भाऊच, इमामबक्ष. समोर गुलाम मोहिद्दीन, आणि निकाल इमामबक्षच्या बाजूनं. गामाला आबांनी प्रेमापोटी आत घुसवला असणार. प्लेगच्या साली आपण रांगत होतो, असंही तेच सांगायचे. म्हणजे बाराव्या साली हे घोडं चांगलं तेरा-चौदा वर्षांचं. आजी चुलीपुढनं विचारायची, "आवं, समद्यास्नी दिसत हुतं म्हंता, मग खांद्यावर कशाला?" आबा तंबाखू मळत बसायचे.

आम्हा पोरांना ते मैदानात न्यायचे ते दुपारपासूनच, कारण खरी मजा सुरुवातीच्या बारक्या जोडांत. रेवड्यांवर लढणारी पोरं, नाकात माती, लंगोट सुटायला आलेला. एकदा त्यांनी हौद्यातली चिमूटभर माती माझ्या नाकाशी धरली. ताक, हळद, तेल, लिंबू असलं काय काय त्या मातीत जिरवतात. वास मला लोणच्याच्या बरणीसारखा वाटला. मोठ्या जोडीचे गडी उतरले, शड्डू घुमला, की आबा उभे राहायचे, आणि मागनं कुणीतरी ओरडायचं, "म्हातारबा, बसा की!" ही ओरड ऐकायची त्यांना मनापासून हौस होती. आपल्यामुळं दुसऱ्याला दिसत नाही, हे सुख त्यांना दुसरीकडं कुठं मिळायचं?

परतताना गंगावेशीतला दूधकट्टा. म्हशी उभ्याच असतात, डोळ्यांदेखत धार काढून फेसाळता पेला हातात. वाट वाकडी पडायची, पण कुस्ती बघून दुधाविना घरी जाणं आबांना अपशकुनी वाटे.

मैदानाला पाठ लावून महाराजांनी नाटकांसाठी पॅलेस थिएटर बांधलं, १९१५ मध्ये. तेच पुढं केशवराव भोसले नाट्यगृह झालं. ते २०२४ च्या ऑगस्टमध्ये आगीत जळालं, तेही केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. आबा असते तर त्यांनी आधी मैदानाची चौकशी केली असती. नाटकात त्यांना झोप येई.

आजीनं मात्र मंगळवार पेठेत उभा जन्म काढून खासबागेत एकही कुस्ती बघितली नाही. आमच्या घरच्या बायका तिकडं जात नसत. मैदान असलं की खेड्यापाड्यांतले पाहुणे आमच्याकडंच उतरायचे आणि ती सकाळपासून मटणाच्या हंड्यापाशी. कोण जिंकलं, हे तिला कुणी सांगावं लागायचं नाही. आपला गडी पडला असला तर भाकऱ्या शिल्लक राहायच्या. मारली असली तर पांढरा रस्सा पहिल्या पंगतीतच संपून रात्री पुन्हा परात पुढं ओढायची. म्हणून मैदानाच्या दिवशी ती अंबाबाईला हात जोडून म्हणायची, "आई, आज बरोबरीत सुटू दे."