नवं व्हर्जन, जुना गळा

गेल्या रविवारी सकाळी सातला बाबा रंकाळ्यावरून फिरून आले आणि त्यांनी फोन थेट माझ्या उशाशी ठेवला.

"ऊठ की रे. ह्याला काय झालंय बघ जरा. दोन मिनिटं वाजतंय आणि गप्प बसतंय."

घरात एक आयटीवाला असला की फोन, टीव्ही, गीझर आणि वीजबिलाची वेबसाइट ही सगळी खाती त्याच्याकडेच येतात. सुट्टीच्या दिवशी सातला उठवलं म्हणून चिडायचीही सोय नाही. तर झालं होतं असं, की शुक्रवारी रात्री फोनने विचारलं, नवीन अपडेट आलाय, टाकू का? बाबा म्हणाले, टाक. (हो म्हणायला आपलं काय जातंय?) शनिवारपासून गाण्याचं ॲप बिघडलं. स्क्रीन बंद केली की दोन मिनिटांत गाणं बंद. मग फोन खिशातून काढा, चष्मा लावा, पुन्हा गाणं सुरू करा. रंकाळ्याच्या एका फेरीत आठ-दहा वेळा! दुसरी तक्रार अशी, की ॲप उघडायलाच एवढा वेळ लागतो की तेवढ्यात चहाला उकळी येते. फोन पाच वर्षांचा आहे. पडलेला नाही, भिजलेला नाही, गुरुवारपर्यंत ठणठणीत होता.

पहिल्या तक्रारीचं उत्तर मला माहीत होतं. ते समजायला थोडं मागे जावं लागतं.

२००८ साली पहिला अँड्रॉइड फोन आला तेव्हा ॲप पडद्याआड काहीही करू शकायचं. कोणी विचारणारं नव्हतं. परिणाम असा, की बॅटरी संध्याकाळपर्यंत आडवी. म्हणून २०१५ च्या अँड्रॉइड ६ मध्ये 'डोझ' नावाची सोय आली. फोन नुसता पडून असला की ॲप्सना झोपवायचं. पुढच्याच वर्षी अँड्रॉइड ७ ने खिशात हलणाऱ्या फोनलाही थोडी डुलकी लावली. २०१७ च्या अँड्रॉइड ८ ने नियम आणखी आवळले: पडद्याआड सतत काम करायचं असेल तर ते वापरणाऱ्याला दिसलं पाहिजे. गाणं लावल्यावर वरच्या पट्टीत गाण्याचं नाव आणि पॉझचं बटण दिसतं ना, ते नुसतं सोयीसाठी नाही. तो ॲपचा जिवंत राहण्याचा परवाना आहे. आणि २०२३ च्या अँड्रॉइड १४ पासून परवान्यावर कारणही लिहावं लागतं, की बाबा रे, मी गाणं वाजवतोय म्हणून जागा आहे.

इथपर्यंत सगळं शहाणपणाचंच आहे. पण बऱ्याच फोन कंपन्या यावर आपापला बॅटरी वाचवणारा चौकीदार बसवतात. त्याला परवाना वाचता येत नाही. स्क्रीन बंद असताना कोण जागं आहे? तू? चल, झोप. आपण कधीतरी त्याला "या ॲपला सोड" म्हणून सांगितलेलं असतं, आणि मोठ्या अपडेटनंतर तो कधी कधी ते विसरतो. बाबांच्या फोनमध्ये नेमकं हेच झालं होतं. सेटिंग, बॅटरी, ते ॲप, 'निर्बंध नाहीत'. पाच मिनिटांत काम झालं, वर आईने पोह्यांवर जास्तीचं खोबरं घातलं.

दुसऱ्या तक्रारीवर मात्र मी गप्प बसलो. कारण तिचं उत्तर सेटिंगमध्ये नाही. ते आमच्या धंद्यात आहे.

ॲप हळू करायचं असं कुठल्याही मीटिंगमध्ये ठरत नाही. ठरतं ते असं: या महिन्यात पॉडकास्ट, पुढच्या महिन्यात व्हिडिओ, मग गाण्याचे शब्द, मग 'तुमच्यासाठी खास' आणि त्यांच्यामध्ये जाहिरात. प्रत्येक गोष्ट थोडीशीच जड असते. बनवणाऱ्याच्या हातात यंदाचा फोन असतो, त्याला काहीच जाणवत नाही. जाणवतं ते पाच वर्षांपूर्वीच्या फोनला. मोठ्या कंपन्याही यातून सुटलेल्या नाहीत. २०१६ मध्ये लक्षात आलं, की स्पॉटिफायचं संगणकावरचं ॲप कोणी काही वाजवत नसतानाही डिस्कवर गिगाबाइटच्या गिगाबाइट लिहीत बसतंय. ते दुरुस्त झालं, पण दुरुस्तीही अपडेटनेच आली. २०१७ च्या डिसेंबरात ॲपलने कबूल केलं, की बॅटरी थकलेले जुने आयफोन अचानक बंद पडू नयेत म्हणून अपडेटमधून त्यांचा वेग कमी केला जातो. हेतू एकवेळ समजू शकतो, पण मालकाला सांगायला काय झालं होतं? २०१८ च्या ऑक्टोबरात इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने जुन्या फोनांना न झेपणारे अपडेट गळ्यात मारल्याबद्दल ॲपलला १ कोटी आणि सॅमसंगला ५० लाख युरोंचा दंड ठोकला.

उलट दिशेचे प्रयत्नही झाले. २०१९ मध्ये स्पॉटिफायने भारतासह ३६ देशांत साधारण १० एमबीचं 'लाइट' ॲप काढलं. त्याआधी २०१७ मध्ये खास आपल्यासारख्या देशांसाठी यूट्यूब गो आलं होतं. ते २०२२ मध्ये बंदही झालं. हलक्या ॲपांचं आयुष्यही हलकंच दिसतंय :)

पोहे खाता खाता बाबा सहज म्हणाले, "अण्णांचा प्लेअर बरा होता. त्याला कोण रात्री येऊन बिघडवत नव्हतं."

अण्णा म्हणजे माझे आजोबा. त्यांचा रेकॉर्ड प्लेअर अजून माळ्यावर आहे. पोहे संपवून मी शिडी लावली, धूळ झटकली आणि तो खाली काढला. वेग बदलायच्या खटक्यावर चार आकडे आहेत: १६, ३३, ४५, ७८. लहानपणी हे मला कूटच वाटायचं. आता कळतं, की तो अपडेटचा सगळा इतिहास आहे.

१९०२ मध्ये कोलकात्यात गौहरजानचं गाणं ध्वनिमुद्रित झालं आणि आपल्याकडे तबकड्यांचा जमाना सुरू झाला. लाखेची तबकडी, मिनिटाला ७८ फेरे, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं. तासभर चालणारा ख्याल त्यात कोंबायचा म्हणजे गवयाची परीक्षाच. मग १९४८ मध्ये अमेरिकेत कोलंबियाने ३३ फेऱ्यांची एलपी आणली आणि १९४९ मध्ये आरसीएने ४५ फेऱ्यांची छोटी तबकडी. दोन कंपन्यांची भांडणं, दोन नवी व्हर्जन्स, आणि घरोघरी ७८ च्या जुन्या तबकड्यांचे ढीग. आजच्या हिशोबाने काय व्हायला हवं होतं? "७८ ला आता सपोर्ट नाही." पण प्लेअर बनवणाऱ्यांनी एकाच यंत्रात चारही वेग दिले आणि सुईच्या दोन बाजू केल्या. नवी तबकडी असेल तर ही बाजू, जुनी असेल तर सुई उलटी फिरवा. अण्णांच्या प्लेअरवर त्यांच्या वडिलांच्या तबकड्या वाजत होत्या. पुढे कॅसेट आली (१९६३), सीडी आली (१९८२), नवी यंत्रं घ्यावी लागली. पण नवं आलं म्हणून जुनं त्याच रात्री बंद पडलं असं झालं नाही. आता तसं होतं. गूगल प्ले म्युझिक २०२० मध्ये गेलं, एअरटेलचं विंक २०२४ मध्ये, आणि आपण जमवलेल्या याद्यांना नवं घर शोधायची वेळ आली.

एवढं सगळं मनात घोळत असताना संध्याकाळी देवल क्लबाच्या बाजूला गेलो होतो. १८८३ पासून गाण्याला वाहिलेली ही संस्था. तिथे गेलं की खाँसाहेब आठवतात. अल्लादियाखाँ. शाहू महाराजांचे दरबारगायक, जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक. कोल्हापुरात वाढलेल्या कोणाला हे नाव नवीन नाही, पण त्यांच्या आयुष्यातली एक गोष्ट मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळली असं वाटलं.

खाँसाहेबांचा जन्म १८५५ चा, राजस्थानातल्या उणियाऱ्याचा. घराणं मूळचं ध्रुपद-धमाराचं. तरुणपणी आवाज अतिशय उत्तम होता म्हणतात. पण अमलेटाच्या दरबारात असताना गाण्याचा इतका ताण पडला, की आवाज बसला. साधासुधा नाही, कायमचा बदलला. गवयाचं एकुलतं एक हार्डवेअर कामातून गेलं! बदलून मिळायची सोय नाही, वॉरंटी नाही. दुसरा कोणी असता तर गाणं सोडून शिकवण्या धरल्या असत्या. खाँसाहेबांनी काय केलं, तर हातात जो गळा उरला होता त्याचा अंदाज घेतला आणि त्याला झेपेल अशी गायकी नव्याने रचली. मोकळा आकार, लयीला बांधलेले आलाप, गुंतागुंतीच्या वळणांच्या ताना, अनवट आणि जोड राग. आवाजाची चमक गेली तिथे बुद्धीचं काम वाढवलं. आज आपण जिला जयपूर गायकी म्हणून मान डोलावतो ती एका बिघडलेल्या यंत्रासाठी लिहिलेली नवी प्रणाली आहे.

जुन्या हार्डवेअरवर नवं व्हर्जन टाकणं म्हणतात ते हे. आम्ही नेमकं उलटं करतो. गायकी आधी ठरवतो आणि म्हणतो, गळा नवा घ्या.

खाँसाहेबांचा आवाज आज कुठल्याही ॲपवर मिळणार नाही, त्यांची ध्वनिमुद्रिकाच निघाली नाही. पण त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांचा मिळतो. केसरबाई गोव्यातल्या केरीच्या. आठ वर्षांच्या असताना काही महिने कोल्हापुरात राहून अब्दुल करीमखाँकडे शिकल्या आणि पुढे १९२१ पासून अल्लादियाखाँच्या झाल्या. त्यांची 'जात कहाँ हो' ही भैरवी साडेतीन मिनिटांची आहे, आणि १९७७ मध्ये नासाने व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात पाठवलेल्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर ती आहे. हे बऱ्याच जणांना माहीत असतं. मला जी गंमत माहीत नव्हती ती अशी: ती तबकडी मिनिटाला १६ पूर्णांक दोन तृतीयांश फेऱ्यांनी वाजते. म्हणजे अण्णांच्या प्लेअरवरचा, आमच्या घरात कधीच कोणी न वापरलेला, तो १६ चा आकडा! शिवाय सोबत सुई ठेवली आहे आणि वेष्टणावर ती कशी वाजवायची याच्या खुणा कोरल्या आहेत. ऐकणारा कोण, कधीचा, त्याच्याकडे काय असेल, काही माहीत नाही. म्हणून वाजवायची सोय बरोबर दिली.

आणि हे तर अगदी आमच्या धंद्यातलं. २०२३ च्या नोव्हेंबरात व्हॉयेजर १ एकदम अगम्य बरळायला लागलं. शोध घेतला तर मेमरीची एक चिप गेलेली. यान तेव्हा सुमारे २,४०० कोटी किलोमीटरवर, एक निरोप पोचायला साडेबावीस तास. त्या यानावरच्या सगळ्या संगणकांची मिळून मेमरी सत्तर केबीच्या आसपास. बाबांना रोज येणारं 'शुभ सकाळ'चं एक चित्र याहून जड असतं. चिप बदलता येणार नाही, आणि अडकलेला कोड सलग मावेल अशी मोकळी जागाही नाही. मग नासाच्या इंजिनिअरांनी त्या कोडचे तुकडे केले, उरलेल्या मेमरीत जिथे फट मिळेल तिथे बसवले, एकमेकांचे पत्ते जुळवले आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये अपडेट पाठवला. २० एप्रिलला उत्तर आलं. यान पुन्हा नीट बोलायला लागलं. अल्लादियाखाँच्या शिष्येचा आवाज घेऊन चाललेलं यान, त्याचंही यंत्र अर्धवट बिघडलेलं, आणि त्यालाही उरलेल्या जागेत बसेल अशी नवी मांडणी करून दिली. योगायोगच आहे, पण मला त्या रात्री झोप लागली नाही.

झोप न लागण्याचं खरं कारण वेगळं होतं. मागच्या वर्षी आमच्या टीममध्ये एक तिकीट आलं होतं: जुन्या अँड्रॉइडचा सपोर्ट बंद करायचा. किती लोक जातील याचा आकडा मीच काढला होता. टक्केवारी एक आकडी आली. मी लिहिलं, "परिणाम नगण्य." सगळ्यांनी अंगठा दाखवला आणि तिकीट बंद झालं. आमचं ॲप गाण्याचं नाही, त्यामुळे बाबांचा त्रास माझ्यामुळे नाही. पण कोणाच्या तरी बाबांचा आहे. नगण्य या शब्दाला चेहरा असतो आणि तो सकाळी सातला चष्मा पुसत उशाशी उभा असतो, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

सोमवारी ते तिकीट उघडून खाली एक ओळ लिहिली: पुढच्या वेळी किमान पाच वर्षं जुन्या फोनवर चालवून बघितल्याशिवाय असा निर्णय घेऊ नये. मॅनेजरचं उत्तर आलं, "पुढच्या स्प्रिंटमध्ये बघू." (आयटीत असाल तर याचा अर्थ तुम्हाला माहीत आहे.)

बघू तर बघू. सध्या रविवारी फिरून आल्यावर दोन तास बाबांचा फोन माझ्याकडे असतो. आमचं ॲप मी त्याच्यावर चालवून बघतो आणि कुठे कुठे अडकतं ते वहीत लिहितो. पहिल्या रविवारीच अकरा जागा सापडल्या, त्यातल्या तीन मीच लिहिलेल्या. असो. तुमच्याही घरात सगळ्यात जुना फोन कोणाकडे आहे ते एकदा बघा, आणि त्यावर गाणं लावून स्क्रीन बंद करून पाच मिनिटं थांबा.