लिलावातील खरेदीदाराचे कायदेशीर संरक्षण : रायगड किनारपट्टीच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

गहाण पडलेली मालमत्ता लिलावात विकली जाते तेव्हा अभ्यासकांचे लक्ष साहजिकच ऋणको आणि धनको यांच्याकडे जाते. बोली लावून ती विकत घेणारा तिसरा पक्ष बहुधा दुर्लक्षित राहतो. वस्तुतः ऋणकोच्या मालमत्तेला काय किंमत येते, हे पुष्कळ अंशी कायदा या खरेदीदारास किती अभय देतो यावर अवलंबून असते. घेतलेली जमीन उद्या हातून जाईल अशी धास्ती असल्यास तिऱ्हाईत माणूस बोली लावत नाही. मग उरतो तो सावकार, आणि जमीन पडेल भावाने त्याच्याच घरात जाते. पूर्वीच्या कुलाबा व आजच्या रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीसंदर्भात या संरक्षणाचा आढावा येथे घेतला आहे.

बंदराच्या दोन तीरांवर दोन नियम

१८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा मुंबई इलाख्यास १८९३ पासून लागू झाला. गहाणखतात तसा अधिकार स्पष्टपणे दिलेला असल्यास मुंबई शहरातील मालमत्ता धनकोला न्यायालयात न जाता विकता येई (कलम ६९). अशा विक्रीस पुरेसे कारण घडले नव्हते किंवा रीतसर नोटीस दिली नव्हती, एवढ्यावरून खरेदीदाराच्या मालकीस बाध येत नसे. नुकसान झालेल्या ऋणकोने विक्री करणाऱ्याकडून भरपाई मागावी, अशी तरतूद होती. समुद्रापलीकडील अलिबाग वा रेवदंडा येथील नारळ-पोफळीच्या वाडीसाठी मात्र धनकोला सामान्यतः दिवाणी न्यायालयातूनच हुकूमनामा मिळवून दरखास्त करावी लागे. १८७५ च्या दंग्यांनंतर झालेला दख्खन कृषक साहाय्य कायदा (१८७९) मूळात पुणे, सातारा, अहमदनगर व सोलापूर या चार जिल्ह्यांपुरताच होता. कोकणातील शेतकरी सुरुवातीला त्याच्या कक्षेबाहेर राहिला.

तिऱ्हाईत आणि हुकूमनामाधारक

न्यायालयीन लिलावानंतर अपिलात मूळ हुकूमनामाच रद्द झाला तर काय, हा कळीचा प्रश्न होता. प्रिव्ही कौन्सिलने १८८७ मध्ये झैन-उल-अबदीन खान खटल्यात त्याचे उत्तर दिले. दाव्याशी संबंध नसलेल्या प्रामाणिक तिऱ्हाईताची खरेदी कायम राहते. परंतु हुकूमनामाधारकाने स्वतःच खरेदी केली असेल तर त्याला मालमत्ता परत करावी लागते. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेने हीच दृष्टी पुढे नेली. हुकूमनामाधारकास न्यायालयाच्या परवानगीशिवाय बोली लावण्यास मनाई झाली. ऋणकोने देणे व खरेदीदारासाठी किमतीच्या पाच टक्के रक्कम मुदतीत भरल्यास लिलाव रद्द करण्याची सोय झाली. एकदा लिलाव कायम झाला की खरेदीदाराची मालकी लिलावाच्या दिवसापासून मानली जाऊ लागली.

संरक्षणाच्या मर्यादा

तथापि, ऋणकोजवळ जेवढा हक्क असेल तेवढाच खरेदीदारास मिळतो. १९३३ ते १९३९ या काळातील चरीच्या संपाने खोत व कूळ यांचा प्रश्न ऐरणीवर आणला. १९३९ च्या कूळ कायद्यानंतर संरक्षित कुळासह येणारी जमीन ही त्या कुळाच्या हक्काच्या अधीन राहूनच घ्यावी लागे. १९४८ च्या कूळवहिवाट कायद्याच्या कलम ६३ ने तर शेतकरी नसलेल्या व्यक्तीस शेतजमीन विकण्यावर बंधन घातले आणि न्यायालयीन लिलावही त्यात स्पष्टपणे समाविष्ट केले. किनाऱ्यावर जागा शोधणाऱ्या मुंबईकरास ही तरतूद विसरून चालत नाही. १९९१ पासूनच्या किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनांचे बंधनही लिलावाने सुटत नाही.

२००२ नंतर

२००२ च्या सरफेसी कायद्याने बँकांना न्यायालयाबाहेर विक्रीचा व्यापक अधिकार दिला. शेतजमीन त्यातून वगळली. म्हणजे एकेकाळी मुंबईसारख्या मोजक्या शहरांपुरती असलेली पद्धत अलिबाग-पनवेलच्या बिगरशेती भूखंडांपर्यंत आली. २०१६ च्या दुरुस्तीने कर्जफेड करून मालमत्ता सोडवण्याचा ऋणकोचा हक्क लिलावाची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंत मर्यादित केला. सर्वोच्च न्यायालयाने ‘सेलिर एलएलपी विरुद्ध बाफना मोटर्स’ (२०२३) या निवाड्यात तोच अर्थ ग्राह्य धरून यशस्वी बोलीदारास संरक्षण दिले.

निष्कर्ष

१८८७ चा निवाडा तिऱ्हाईतास अभय देताना धनकोवर अंकुश ठेवत होता; २०१६ नंतरच्या व्यवस्थेत खरेदीदाराची निश्चिती ऋणकोची मुदत कमी करून साधली गेली आहे. ही किंमत लहान नाही. तरीही लिलावामागे नेहमी सावकारच उभा असतो असे नव्हे. पेण अर्बन बँकेतील गैरव्यवहार २०१० मध्ये उघडकीस आला आणि पनवेलच्या कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना २०२१ मध्ये रद्द झाला, तेव्हा संकटात सापडले ते सामान्य ठेवीदार. विम्याच्या मर्यादेपलीकडील त्यांची पुंजी परत मिळणे बव्हंशी मालमत्तांना येणाऱ्या बोलीवरच अवलंबून राहते. म्हणून खरेदीदाराचे संरक्षण आवश्यक आहे. मात्र त्याआधी ऋणकोला नोटीस खरोखर पोहोचली होती की नाही आणि बोली लावणारा खरोखर तिऱ्हाईत होता की नाही, हे तपासण्याची जबाबदारी तितकीच काटेकोर असली पाहिजे.