सळसळ

सळसळ (स्त्री.) : वेळूची पाने, रेशमी वस्त्र किंवा पाचोळ्यातून जाणारा साप यांचा बारीक, सलग आवाज. त्यावरून ‘सळसळणे’ हे क्रियापद. लक्षणेने रक्त, तारुण्य आणि उत्साह यांनाही लावतात. चंद्रपूर-गडचिरोलीच्या पानझडी जंगलात या शब्दाची हद्द नेमकी कळते. उन्हाळ्याच्या तोंडाशी सागाचे रुंद, खरबरीत, वाळलेले पान पायाखाली आले तर ते चुरचुरते, त्याला कोणी सळसळ म्हणत नाही. वेळूच्या बेटात अरुंद पाने वाऱ्याने एकमेकांवर घासू लागली की ती सळसळ. आवाज हलका असून भागत नाही, तो न तुटता चालू राहावा लागतो.

अशा शब्दापुढे कोशकार ‘ध्व.’ (ध्वन्यनुकारी) लिहून मोकळे होतात. कानाने ऐकले ते तोंडाने म्हटले, संपली व्युत्पत्ती. हे अपुरे आहे. पाने इंग्लंडातही तशीच वाजतात, पण तिथल्या ‘रसल’, ‘टिंकल’ या शब्दांत आवाज पुन्हापुन्हा होतो हे शेवटचा प्रत्यय सांगतो. मराठी अख्खा तुकडाच दोनदा उच्चारते. भाषाशास्त्रज्ञ मरे एमेनो यांनी १९६९ मध्ये दाखवले की ही द्विरुक्त रूपे भारतातील आर्य आणि द्राविड भाषांची सामाईक ठेव आहेत. १९८२ साली वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात ही दोन्ही कुळे शेजारी नांदतात : मराठीलगत गोंडी-माडिया, सिरोंचाकडे तेलुगू. तमिळमध्ये पाने आणि ओढे ‘सलसल’ करतात. तेलुगूत उकळते पाणी ‘सलसल’ करते आणि संतापाने रक्तही तसेच उकळते.

यावर आक्षेप असा की लॅटिनमध्ये ‘मुर्मुर’ आहे, संस्कृतात वाळक्या पानांसाठी ‘मर्मर’ आहे. मग द्विरुक्तीत भारतीय ते काय? द्विरुक्ती कुठेही सुचू शकते, हे मान्यच. फरक चलनाचा आहे. खळखळ, किणकिण, चुरचुर, झुळझुळ असे शब्द मराठी हवे तितके पाडते आणि ‘णे’ लावून त्यांची क्रियापदे करते. लॅटिनमध्ये हा साचा इतका फळला नाही. शिवाय रक्ताचा आवाज कोणी ऐकलेला नाही. तरी मराठीत ते जोमाने सळसळते, तेलुगूत रागाने. भाव वेगळे असल्यामुळे एकीने दुसरीकडून शब्द उचलला असे यावरून ठरत नाही. पण नाद अंगात भिनवून त्याचा मनोविकार करण्याची सवय दोघींची एकच दिसते, आणि ती नुसत्या कानाने शिकवलेली नाही.